रशियातल्या ओबनिन्स्कला अणुअभियांत्रिकी शिकायला जाणाऱ्यांसाठी: लॅब साठवू नका

मॉस्कोच्या किएव्हस्की स्टेशनावरून एलेक्त्रीच्का, म्हणजे लोकल, धरायची आणि नैऋत्येला साधारण शंभर किलोमीटरवर उतरायचं. स्टेशनाच्या पाटीवर ‘ओबनिन्स्कोये’ लिहिलेलं असतं. ‘ओबनिन्स्क’ शोधत बसलात तर गाडी पुढे निघून जाईल.

२७ जून १९५४ रोजी ग्रिडला वीज देणारं जगातलं पहिलं अणुवीज केंद्र इथलं, क्षमता जेमतेम ५ मेगावॅट. २००२ साली ते बंद झालं. २००० साली गावाला नाउकोग्राद, म्हणजे विज्ञाननगरी, हा दर्जा मिळाला. हे तुम्ही वाचलेलं असणारच. अर्ज, अपोस्टिल (कागदपत्रं परदेशात चालावीत म्हणून लागणारा शिक्का), एचआयव्ही चाचणीचा दाखला यांवरही पुरेसं लिहिलं गेलंय. इथे मुख्यतः लॅबचे प्रयोग मागे टाकत साठवण्याच्या एकाच खड्ड्याबद्दल सांगायचंय, कारण त्यात पडतात ती बहुतेक हुशारच मुलं.

आपल्याकडे वर्षभर टिवल्याबावल्या करून शेवटच्या पंधरा दिवसांत पास होता येतं. इथे तो मार्ग बंद आहे. प्रत्येक प्रयोगाचे तीन टप्पे. आधी ‘दोपुस्क’, म्हणजे परवानगी: प्रयोगाला हात लावण्यापूर्वीची तोंडी परीक्षा. मग मोजमाप. मग अहवाल लिहून ‘झाश्चिता’, म्हणजे त्या अहवालाचा शिक्षकांसमोर बचाव. तिन्ही झाल्याशिवाय प्रयोग पुरा धरत नाहीत. सगळे प्रयोग पुरे झाल्याशिवाय ‘झाचोत’, म्हणजे काम पुरं झाल्याचा शेरा, मिळत नाही, आणि झाचोत नसेल तर परीक्षेला बसण्याचा दोपुस्कही नाही. ऑक्टोबरात चुकलेली एक लॅब जानेवारीत अख्खा विषय अडवते, ती अशी. अशा राहिलेल्या विषयाला तिथली मुलं ‘ख्वोस्त’, म्हणजे शेपूट म्हणतात. एका शेपटीमागे दुसरी लागायला वेळ लागत नाही.

पुढचा हिशेब कायद्यातला आहे. राहिलेला विषय सोडवायला जास्तीत जास्त दोन संधी, तीही वर्षभराच्या आत. दुसऱ्या वेळी एकटे शिक्षक नसतात, परीक्षकांचं मंडळ, ‘कमिशन’, बसतं. तिथेही नापास झालात तर ‘ओत्चिस्लेनिये’, नाव कमी. नाव कमी झालं की व्हिसाचा आधार गेला, आणि आवराआवरीला महिने मिळत नाहीत.

घाबरू नका, दोपुस्क अवघड नसतो. फक्त तो पाठांतराचा नसतो. किरणोत्सर्गाच्या लॅबमध्ये गायगर नळी (किरणोत्सर्ग मोजणारं साधन) समोर ठेवून पहिला प्रश्न बहुधा असा येतो: किती वेळ मोजणार, आणि का? मोजणी १०० आली तर चूक १० टक्के, १०,००० आली तर १ टक्का. चूक मोजणीच्या वर्गमुळाएवढी. इथपर्यंत सगळे येतात. घसरतात ते पार्श्वभूमी, म्हणजे स्रोत नसतानाही होणारी मोजणी, वजा करताना. स्रोतासह ४०० आणि तेवढ्याच वेळात नुसती पार्श्वभूमी १००, म्हणजे निव्वळ ३००. आता चूक किती? नवखा ३०० चं वर्गमूळ काढून १७ लिहितो. खरं उत्तर ५०० चं वर्गमूळ, २२, कारण वजाबाकी केली तरी दोन्ही चुकांच्या वर्गांची बेरीजच होते. हे एकदा कागदावर स्वतः करून बघा. आणि नळीचा व्होल्टेज ‘प्लातो’च्या, म्हणजे मोजणी जवळपास स्थिर राहते त्या पट्ट्याच्या, पुढे वाढवू नका. सतत डिस्चार्ज सुरू झाला की नळी खराब होते, आणि त्यानंतर लॅबोरांतच्या, म्हणजे प्रयोगशाळा सहायकाच्या, चेहऱ्याकडे बघवत नाही.

तयार अहवाल वसतिगृहात मिळतात. घेऊ नका. नैतिकता बाजूला ठेवा, ते व्यवहारातही परवडत नाही: आकडे कुठून आले हे झाश्चितात दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. ‘सगळं इंग्रजीतच शिकवतात’ असं सांगणारा एजंट भेटला तर माझा सल्ला एकच, त्याच्याकडे त्याच अभ्यासक्रमाचं वेळापत्रक आणि त्यातल्या लॅबची भाषा लेखी मागा. अणुअभियांत्रिकीत रशियन टाळता येत नाही.

पूर्वतयारीच्या वर्षात रशियन शिकवतात, पण बाजार, दवाखाना, कुटुंब अशा विषयांवरच्या धड्यांत बराच वेळ जातो. फळ्यावरची हस्तलिखित अक्षरं मात्र कोणी नीट घोटून घेत नाही. हाताने लिहिलेला ‘त’ लॅटिन ‘एम’सारखा दिसतो, ‘द’ ‘जी’सारखा, ‘इ’ ‘यू’सारखा. पहिल्या दोन महिन्यांत रोज एक पान हाताने लिहा. टॅन्जंट ‘tg’ असं लिहितात, दशांश चिन्हाऐवजी स्वल्पविराम देतात, आणि जुन्या पुस्तकांत दाब पास्कलऐवजी चौरस सेंटिमीटरमागे किलोग्रॅम-बलात असतो. ‘त्वेल’ म्हणजे इंधनकांडी, ‘तेप्लोनोसितेल’ म्हणजे शीतक (अणुभट्टीतली उष्णता वाहून नेणारा पदार्थ), ‘झामेदलीतेल’ म्हणजे मंदक (न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारा पदार्थ). अशा पन्नासेक शब्दांची यादी भिंतीवर लावली तर व्याख्यान निम्मं तरी समजतं. उरलेलं निम्मं जानेवारीपर्यंत येतं, खरंच येतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. पोहोचल्यावर पासपोर्ट लगेच परदेशी विद्यार्थी विभागात द्या, मुक्कामाची नोंदणी सात कामकाजी दिवसांत व्हावी लागते. नव्वद दिवसांहून जास्त राहणाऱ्याला वैद्यकीय तपासणी आणि बोटांचे ठसेही द्यावे लागतात. सुट्टीत घरी जाऊन परत आलात की नोंदणी पुन्हा पहिल्यापासून. आपली व्हिसा-मास्टरकार्ड २०२२ पासून तिथे चालत नाहीत, पहिल्या महिन्याचे पैसे रोख न्या.

गाव खुलं आहे, पण भौतिकी-ऊर्जा संस्था, म्हणजे इथली अणुसंशोधन संस्था, कुंपणाआड आहे. परदेशी विद्यार्थ्याला आत जायला आगाऊ मंजुरी लागते. प्रबंधाचा विषय निवडताना मार्गदर्शकाला पहिल्याच भेटीत विचारा, ‘हे काम माझ्या प्रवेशाशिवाय होईल का?’ जलद अणुभट्टी (वेगवान न्यूट्रॉनांवर चालणारी) हा या गावाचा जुना विषय, त्यामुळे मोह होतो. पण ज्याला फक्त संगणकावरची गणितं लागतात तो विषय वेळेत संपतो. मोठ्या नावाचा मार्गदर्शक महिन्याला एकदा भेटणार असेल तर लॅबमध्ये रोज बसणारा तरुण सहायक माझ्या मते कितीतरी बरा.

आणि राहिलेली लॅब भरून काढायची तर लॅबोरांतला सेमिस्टरच्या मध्यावर विचारा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या दारात आख्ख्या वर्गाची रांग असते.