पॉडकास्टचा सातबारा कुणाच्या नावावर? होस्टिंग निवडताना या चुका टाळा

इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या, असं ठरवून आम्ही दोघांनी पॉडकास्ट सुरू केला. रेकॉर्डिंग माझ्याकडे, अपलोडिंग मित्राकडे. त्याने होस्टिंगचं, म्हणजे ऑडिओ फाइल इंटरनेटवर ठेवायला जागा देणाऱ्या कंपनीचं (होस्टचं), खातं स्वतःच्या कॉलेजच्या ईमेलवर उघडलं. दोन वर्षांनी होस्टिंग कंपनीने मोफत योजना गुंडाळली आणि मुक्काम हलवायची वेळ आली. तोवर कॉलेजने तो ईमेल बंद केला होता आणि पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता. मूळ रेकॉर्डिंग माझ्या हार्ड डिस्कवर होती म्हणून एपिसोड वाचले, पण श्रोते वाचले नाहीत. त्यांची ॲप जुन्याच पत्त्यावर नव्या भागाची वाट बघत राहिली. त्यांना कळवायचा कुठलाही रस्ता आमच्याकडे नव्हता.

म्हणून कुणी मला "पॉडकास्ट कुठल्या ॲपवर टाकू?" असं विचारलं, की मी आधी खात्याचा ईमेल कुणाचा ते विचारतो.

ॲपलाच घर समजणं

मुळात ॲपवर काही टाकायचं नसतं. ऑडिओ फाइल होस्टकडे राहते. होस्ट एक फीड तयार करतो. फीड म्हणजे साधी मजकुराची फाइल: कार्यक्रमाचं नाव, मुखचित्राचा पत्ता, प्रत्येक भागाचं शीर्षक, तारीख आणि ऑडिओचा पत्ता. ॲपल पॉडकास्ट्स, पॉकेट कास्ट्स, कास्टबॉक्स, ओव्हरकास्ट ही ॲप ठराविक वेळाने हे फीड वाचतात आणि नवा भाग दिसला की श्रोत्यांपुढे ठेवतात. या फीडचं तांत्रिक नाव आरएसएस फीड. त्याला ऑडिओ जोडायची सोय सॉफ्टवेअर बनवणारे डेव्ह वायनर यांनी २००० साली केली, ॲपलने जून २००५ मध्ये आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणले, आणि तीच पद्धत आजही चालू आहे.

ॲप येतात आणि जातात. स्टिचर ऑगस्ट २०२३ मध्ये बंद झालं. गूगल पॉडकास्ट्स अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये आणि बाकी जगात जून २०२४ मध्ये बंद झालं. ज्यांचं फीड स्वतःच्या ताब्यात होतं, त्यांच्या श्रोत्यांनी आपली यादी उचलली आणि दुसऱ्या ॲपमध्ये नेली. निर्मात्याला एकही फाइल हलवावी लागली नाही.

फीड हा तुमच्या पॉडकास्टचा सातबारा आहे. होस्ट निवडताना पहिला प्रश्न हाच असू द्या: उद्या मी निघालो, तर फीडचा जुना पत्ता नव्या पत्त्याकडे कायमचा वळवून द्याल का? तांत्रिक भाषेत याला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात. मदत विभागात हे स्पष्ट लिहिलेलं सापडलं नाही, तर पैसे भरण्याआधी ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

मोफत योजनेच्या अटी न वाचणं

मोफत होस्टिंग वाईट नसतं. सुरुवात तिथूनच करावी, असं माझं मत आहे, कारण दहा भागांपर्यंत टिकू की नाही हे आपल्यालाच ठाऊक नसतं. पण काही मोफत योजनांमध्ये एपिसोड ९० दिवसच राहतो, नंतर फीडमधून गळतो. काहींमध्ये एकूण तासांची मर्यादा असते. बातम्यांचा पॉडकास्ट असेल तर ९० दिवस चालून जातील. आजीच्या ओव्या किंवा गावाचा इतिहास जपत असाल तर अजिबात नाही.

स्पॉटिफायच्या होस्टिंगबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडची बहुतेक मंडळी तिथून सुरुवात करतात. २०१९ मध्ये स्पॉटिफायने अँकर विकत घेतलं, २०२३ मध्ये त्याचं नाव स्पॉटिफाय फॉर पॉडकास्टर्स झालं आणि २०२४ मध्ये स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स. अँकरच्या काळात भाग इतर ॲपवरही आपोआप पोचायचा, म्हणून आजही तसंच होतं अशी अनेकांची समजूत आहे. पण आता नव्या कार्यक्रमासाठी आरएसएस फीड सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावं लागतं आणि तो पत्ता बाकीच्या ठिकाणी स्वतःच नोंदवावा लागतो. "स्पॉटिफायवर आहे, पण ॲपलवर सापडत नाही" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

गूगल ड्राइव्हवर फाइल ठेवून फीड हाताने बनवू नका. वेबसाइटच्या स्वस्त शेअर्ड होस्टिंगवरही ऑडिओ ठेवू नका. ॲपला फाइलचा हवा तेवढाच तुकडा मागता यावा लागतो. तशी सोय सर्व्हरवर नसेल तर श्रोत्याला मधल्या मिनिटावर उडी मारता येत नाही, आणि ॲपल असं फीड नाकारू शकतं.

एकच कार्यक्रम तीनदा नोंदवणं

जिओसावनवर वेगळा, स्पॉटिफायवर वेगळा, ॲपलसाठी तिसऱ्या होस्टवर वेगळा, असं करणारे मला नेहमी भेटतात. मेहनत तिप्पट होते आणि फॉलोअर विभागले जातात. फीड एकच ठेवा आणि तोच पत्ता सगळीकडे द्या. ॲपल पॉडकास्ट्स कनेक्ट, स्पॉटिफाय, ॲमेझॉन म्युझिक, जिओसावन आणि पॉडकास्ट इंडेक्स (पॉडकास्टची सगळ्यांसाठी खुली यादी) एवढ्या ठिकाणी एकदा नोंद केली, की बहुतेक काम संपतं. आपल्याकडे सगळे अँड्रॉइडवाले, मग ॲपल कशाला, असं म्हणून ते टाळू नका. कितीतरी छोटी ॲप ॲपलच्याच यादीत शोध घेतात. शिवाय न्यू जर्सी किंवा मेलबर्नमध्ये गाडी चालवताना मराठी ऐकणाऱ्यांच्या हातात आयफोन असण्याची शक्यता बरीच आहे.

यूट्यूबला फीड जोडता येतं. ते मुखचित्र स्थिर ठेवून प्रत्येक भागाचा व्हिडिओ बनवतं. मात्र नंतर होस्टकडे ऑडिओ बदलला तर यूट्यूबवर तो आपोआप बदलत नाही. चुकीचं नाव उच्चारलं म्हणून भाग दुरुस्त केलात, तर यूट्यूबवर वेगळी दुरुस्ती करा.

चूक सापडली की एपिसोड डिलीट करणं

हात लगेच डिलीटकडे जातो, हे मी समजू शकतो. पण प्रत्येक भागाला फीडमध्ये एक कायमची ओळख असते, जीयूआयडी नावाची. भाग उडवून पुन्हा चढवला की ओळख बदलते. मग काही ॲपवर तो दोनदा दिसतो, श्रोत्याला दुसऱ्यांदा सूचना जाते आणि आधी किती जणांनी ऐकलं त्याचे आकडे तुटतात. होस्टकडे "फाइल बदला" अशी सोय असते, ती वापरा. ज्यांनी आधीच डाउनलोड केलं त्यांच्याकडे जुनी फाइल राहील. ते चालतं.

भाग दिसत नाही तेव्हा घाबरणं

आधी फीडचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडा. नवा भाग तिथे असेल तर होस्टने त्याचं काम केलंय. ॲपला थोडा वेळ द्या. एक दिवसही लागू शकतो. भाग फीडमध्येच नसेल तर होस्टच्या पानावर जा आणि तारीख-वेळ तपासा. कितीतरी होस्ट परदेशी आहेत आणि खात्याचा टाइम झोन अमेरिकेचाच राहून जातो. तुम्ही सकाळी ६ची वेळ लावता आणि न्यूयॉर्कचे ६ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचे साडेतीन झालेले असतात. सकाळच्या चहाचा श्रोता तोवर कामाला लागलेला असतो.

मुखचित्र चौकोनी हवं, ३००० बाय ३००० पिक्सेल, जेपीजी किंवा पीएनजी. १४००च्या खाली गेलात तर ॲपल घेणार नाही. देवनागरी अक्षरं जाड ठेवा, कारण यादीत ते चित्र नखाएवढं दिसतं.

फीडमध्ये भाषेचा रकाना असतो. तिथे इंग्रजी हा पर्याय आधीच निवडलेला असतो आणि आपण पुढे जातो. मराठी निवडा. कार्यक्रम मराठीतला आहे हे ॲपला या रकान्यावरूनच कळतं. शीर्षक देवनागरीत ठेवा, आणि वर्णनात एकदा रोमन लिपीतही नाव लिहा, कारण शोधणारा अनेकदा इंग्रजी कीबोर्डवरच असतो. ऑडिओ फाइलचं नाव मात्र साध्या रोमन अक्षरांत आणि अंकांत द्या. देवनागरी नावाचा पत्ता टक्क्यांच्या खुणांनी भरून जातो आणि काही ठिकाणी तुटतो.

नुसतं बोलणं असेल तर फाइल मोनो (एकाच चॅनेलची) आणि ६४ केबीपीएसची (दर सेकंदाला ६४ किलोबिट) पुरते. अर्ध्या तासाचा भाग साधारण १४ एमबीत बसतो. १२८ला तो दुप्पट होतो. रोजचा डेटा मोजून वापरणाऱ्या श्रोत्याला हा फरक कळतो. आवाजाची पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आसपास ठेवा, ॲपलची शिफारस तीच आहे. हिंदी सिनेमाचं गाणं, अगदी दहा सेकंदांचंही, परवानगीशिवाय लावू नका. भाग काढून टाकला गेला तर दाद मागायला आधार उरत नाही.

घर बदलताना मागचं दार लावून घेणं

होस्ट बदलताना क्रम पाळा. नव्या होस्टवर जुन्या फीडचा पत्ता देऊन सगळं आयात करा. फीडला कुलूप असेल, म्हणजे दुसऱ्या होस्टला आयात करू न देण्याची सेटिंग चालू असेल, तर आधी ती काढा. भागांची संख्या मोजा, चार-पाच भाग ऐकून बघा. मग जुन्या खात्यात जाऊन रीडायरेक्ट लावा. हे फक्त जुन्या खात्यातूनच होतं, आणि आमचं गाडं नेमकं इथेच अडलं. ॲपल किमान चार आठवडे रीडायरेक्ट ठेवायला सांगतं. मी वर्षभर ठेवा म्हणेन, कारण काही श्रोते ॲप महिनोन्महिने उघडतच नाहीत. यूट्यूबवर नवा पत्ता वेगळा द्यावा लागतो.

फीडमधला मालकाचा ईमेलही तपासा. पॉडकास्ट आपला आहे हे सिद्ध करताना कोड तिथेच येतो. आता आमच्या कार्यक्रमाच्या नावाने वेगळा ईमेल आहे, पासवर्ड दोघांच्या वहीत लिहिलेला आहे, आणि दर तीन महिन्यांनी मी फीडची एक प्रत मूळ रेकॉर्डिंगशेजारी उतरवून ठेवतो.