ईस्टरच्या सुट्टीत समुद्रावर जाताय? या चुका टाळा

ब्रिटनमधल्या मराठी घरांत ईस्टरच्या सहलीचा बेत बहुतेक एकाच क्रमाने ठरतो. आधी घर बुक होतं, मग गाडीचं बघितलं जातं, मग हवामान. समुद्राचं काय ते तिथे पोचल्यावर बघू, असं म्हटलं जातं. माझं कळकळीचं सांगणं आहे की समुद्राचं आधी बघा, कारण या सुट्टीतल्या जिवावर बेतणाऱ्या चुका तिथेच होतात.

भरती-ओहोटी न बघता दिवस आखणं

ईस्टर म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो. आपल्या पंचांगात ही पौर्णिमा बहुधा हनुमान जयंतीची असते, कधी होळीची. २०२६ साली हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ साली होळीनंतरच्या रविवारी, २८ मार्चला. पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाणाची भरती येते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. त्यात विषुवदिन नुकताच होऊन गेलेला असतो, तेव्हा हे उधाण वर्षातल्या मोठ्यांपैकी असतं. थोडक्यात, ईस्टरची सुट्टी उधाणाला धरूनच येते.

आणि इथलं उधाण म्हणजे जुहू-अलिबागचा अंदाज चालत नाही. मुंबईत साडेचार मीटरच्या वर भरती असली की पालिका इशारा देते. ब्रिस्टल चॅनेलच्या आतल्या टोकाला उधाणात भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरच्या आसपास जातो. वेस्टन-सुपर-मेअरला ओहोटीत पाणी मैलभराहून मागे जातं आणि मागे उरतो तो चिखल. पोरं पाण्याच्या ओढीने तिकडे धावतात. त्यांना वाळूवरच थांबवा. कुणी रुतलंच तर ओढाताण न करता मागे रेलून अंगाचा भार पसरू द्या आणि ९९९ ला फोन करून कोस्टगार्ड मागा.

कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावर फसगत वेगळी होते. उधाणाच्या दिवसांत तिथे ओहोटी साधारण दुपारी बाराच्या आगेमागे असते, म्हणजे नेमकी आपण डबे घेऊन पोचतो तेव्हा. किनारा अफाट मोठा दिसतो. गर्दी नको म्हणून आपण कड्याचं टोक वळून पलीकडच्या छोट्या खाडीत चटई टाकतो. भरती सुरू होते ती आधी संथ, पण तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मं पाणी चढतं. चहाच्या वेळेला तुमच्या चटईखालची वाळू कोरडीच असते, पण वळून आलेल्या त्या टोकाशी पाणी कमरेएवढं झालेलं असतं. मागे कडा, पुढे समुद्र. दरवर्षी माणसं अशी अडकतात. लाइम रीजिस ते चार्मथ या पट्ट्यात जीवाश्म शोधायला मुलांना न्यायची कल्पना फार छान आहे, पण तिथेही हाच धोका. ओहोटीच्या आधी निघा, पाणी फिरलं की परता, आणि कड्याच्या बुडाशी बसू नका, दगड सुटतात.

अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन भरतीच्या आत परतलेल्यांना माराझायनचं सेंट मायकल्स माउंट ओळखीचं वाटेल. नॉर्थम्बरलंडच्या होली आयलंडला मात्र गाडी नेताना सुरक्षित वेळांचा फलक वाचा आणि ‘अजून दहा मिनिटं आहेत’ असा हिशोब करू नका.

आता घड्याळ. छापील भरतीकोष्टकं पुष्कळदा जीएमटीत असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, त्यानंतर कोष्टकातल्या वेळेत एक तास मिळवावा लागतो. कोष्टकाच्या वर कोणती वेळ लिहिली आहे ते आधी बघा. २०२७ मध्ये तर घड्याळ ईस्टरच्याच रविवारी बदलणार आहे.

ऊन बघून पाण्यात उतरणं

एप्रिलमध्ये ऊन छान पडतं, पण समुद्र हिवाळ्याचाच असतो. कॉर्नवॉलजवळ पाणी १० अंशांच्या आसपास. त्यात एकदम उडी मारली की धाप लागते, श्वासावर ताबा राहत नाही, आणि चांगला पोहणाराही गडबडतो. असं झालं तर हातपाय न मारता उताणं तरंगायचं, श्वास जागेवर आला की मग मदतीला हाक मारायची. मुलांना हे निघण्याआधी घरीच सांगून ठेवा. ईस्टरला जीवरक्षक मोजक्याच किनाऱ्यांवर असतात. असतील तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच उतरा. मुलांना खेळायचंच असेल तर वेटसूट भाड्याने घ्या, त्यात काटकसर नको.

आजी-आजोबांचा विचार शेवटी करणं

पुण्याच्या उन्हातून आलेल्या आई-बाबांना इथला वारा सोसत नाही. स्वेटर असतो, पण वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी नसते. घर बघताना फोटोतल्या समुद्रापेक्षा प्रश्न विचारा: तळमजल्यावर झोपायची खोली आणि संडास आहे का? कॅराव्हॅन असेल तर सगळ्या खोल्यांत हीटिंग आहे का? क्लोव्हेली फार सुंदर गाव, पण गाडी आत जात नाही आणि गोट्यांचा रस्ता तीव्र उताराचा. गुडघे दुखणाऱ्यांना तिथे नेऊन गाडीतळावर बसवून ठेवणं मला पटत नाही.

बाकीचं पटकन

शाळांच्या सुट्ट्या प्रत्येक काउन्सिलच्या वेगळ्या असतात. दोन कुटुंबं मिळून जाणार असाल तर आधी त्या जुळवा. गुड फ्रायडेला सकाळी एम-५ आणि ए-३० वर रांगा लागतात, गुरुवारी रात्री निघता आलं तर बरं. रेल्वे रुळांची कामं याच सुट्टीत काढते, तेव्हा तिकिटाआधी मार्ग तपासा. खेड्यात पार्किंगच्या ॲपला रेंज मिळेलच असं नाही, सुटी नाणी ठेवा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरहून मोठी दुकानं ईस्टरच्या रविवारी कायद्याने बंद असतात. दूध, भाजी, बाळाचे डायपर शनिवारीच आणा. आणि शाकाहारी मंडळींनी चिप्स घेताना तळणाचं विचारावं. यॉर्कशरकडे बऱ्याच दुकानांत त्या गाईच्या चरबीत तळतात. काउंटरवर सरळ विचारलं की ते सांगतात.