काहीच न घडणाऱ्या गोष्टी : रोजच्या जगण्यावरचे बीएल मांगा कसे वाचावेत

१९७०च्या दशकाच्या अखेरीस जपानमधल्या हौशी मांगाकारांनी आपल्याच मांगांना, म्हणजे जपानी कॉमिक्सना, एक थट्टेचे नाव दिले : 'याओई'. 'यामा नाशी, ओची नाशी, इमी नाशी' या तीन तुकड्यांची आद्याक्षरे जोडून हा शब्द तयार झाला आणि त्याचा अर्थ असा की या गोष्टीला चढ नाही, शेवटी कलाटणी नाही आणि मथितार्थही नाही. दोन मुलगे किंवा दोन पुरुष यांच्या प्रेमाच्या त्या गोष्टी होत्या. पुढे १९९०च्या दशकात 'बॉइज लव्ह', म्हणजेच 'बीएल', हे नाव रूढ झाले आणि जुना शब्द मागे पडला. तरीही रोजच्या जगण्यावरचे जे बीएल मांगा आज आवडीने वाचले जातात, त्यांना ते थट्टेचे नावच अधिक शोभते असे मला वाटते, कारण त्यांत खरोखरच चढ फारसा नसतो आणि तो नसूनही पान उलटावेसे वाटते, यातच त्यांची कारागिरी असते.

ही कारागिरी ध्यानात यायला मला एक पुस्तक वाया घालवावे लागले. ठाण्याहून निघालेल्या लोकलमध्ये मी माझा पहिला असा मांगा उघडला आणि दादर येण्याआधी संपवलाही. दोन माणसे भेटली, जेवली, पुन्हा भेटली, एवढेच त्यात होते. पैसे बुडाले अशी खूणगाठ बांधून पुस्तक कपाटात टाकले आणि काही महिन्यांनी एका रविवारी, हाताशी दुसरे काही नव्हते म्हणून, तेच पुस्तक पुन्हा काढले. या वेळी एकेक प्रकरण वाचले, मध्ये चहा केला, मागची पाने चाळली, आणि मग लक्षात आले की पहिल्या वेळी मी केवळ संवादांचे फुगे वाचले होते, चित्रे पाहिलीच नव्हती. तेव्हा पहिली सूचना हीच की एका बैठकीत एका प्रकरणापेक्षा जास्त वाचू नये. हे मांगा मासिकांतून किंवा साप्ताहिकांतून सुटे सुटे येतात आणि त्यांची मापे त्या अंतराला धरून घेतलेली असतात.

सुरुवात कोठून करावी, हा पुढचा प्रश्न. बीएल हे फार मोठे दालन आहे आणि त्यात गुन्हेगारीपासून परीकथेपर्यंत सर्व काही आहे, शिवाय केवळ प्रौढांसाठी असलेली पुस्तकेही पुष्कळ आहेत. म्हणून इंग्रजी आवृत्तीच्या मलपृष्ठावर छापलेली वयोमर्यादा आधी पाहावी. वीस-बावीस खंडांच्या मालिकेत पहिल्याच दिवशी उडी घेऊ नये. माझ्या मते ओरी मिता यांचे 'बोकुरा नो शोकुताकु', म्हणजे 'आमचे जेवणाचे टेबल', हे नवख्या वाचकासाठी उत्तम, कारण ते एकाच खंडात संपते आणि त्याचा विषय कोणालाही कळतो. युताका हा नोकरदार तरुण लहानपणीच्या अनुभवांमुळे चारचौघांत जेवू शकत नाही. एकदा बागेत तो आपल्या डब्यातला ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, ताने नावाच्या एका लहानग्याला देतो, आणि तसे मुटके करायला आम्हाला शिकव म्हणून तो लहानगा आणि त्याचा मोठा भाऊ मिनोरू त्याच्या मागे लागतात. ओनिगिरी करताना हात ओले करून तळव्यावर मीठ चोळावे लागते आणि भात घट्ट दाबायचा नसतो. मोदकाची पारी करताना उकड जशी हातालाच कळते, तसेच हे आहे. जो माणूस दुसऱ्यासमोर घास गिळू शकत नाही, तो दुसऱ्याच्या घरी उभा राहून भात वळायला शिकवतो आहे, एवढे ध्यानात आले की पुढे प्रेमाची कबुली कधी येते, याची घाई वाटेनाशी होते.

ज्यांना शाळेतल्या गोष्टी आवडतात, त्यांनी शो हारुसोनो यांचा 'सासाकी तो मियानो' घ्यावा. त्यातला मियानो स्वतःच बीएलचा वाचक असतो आणि त्याच्या हातून ती पुस्तके उसनी नेणारा वरच्या वर्गातला सासाकी पुस्तकापेक्षा त्याच्याकडेच जास्त पाहत असतो. मजेदार आहे, हलके आहे, आणि बीएलमधल्या ठरीव साच्यांची ओळख जाता जाता करून देते.

आता प्रत्यक्ष वाचण्याविषयी. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात हे बहुतेकांना ठाऊक असते, पण पानाच्या आतही तोच क्रम असतो, हे नवीन वाचक विसरतो. वरच्या उजव्या कोपऱ्यातली चौकट पहिली, मग तिच्या डावीकडची, मग खालच्या ओळीत पुन्हा उजवीकडून. चौकटीतले फुगेही याच क्रमाने वाचायचे, नाहीतर उत्तर आधी आणि प्रश्न मागाहून असा घोळ होतो. फोनवर वाचत असाल तर तो आडवा धरून समोरासमोरची दोन पाने एकत्र पाहावीत, कारण चित्रकाराने ती दोन्ही पाने एकत्र मांडलेली असतात आणि सुटे पान पाहिले की ती मांडणी मोडते.

ज्या चौकटींत शब्द नसतात, त्यांवर सर्वाधिक वेळ द्यावा. रिकामा जिना, सिंकमध्ये ठेवलेल्या दोन वाट्या, वाळत घातलेला शर्ट, आगगाडीच्या खिडकीबाहेरच्या विजेच्या तारा अशा चौकटींवरून नजर घसरते, कारण त्यांत वाचायला काही नसते. पण संवादानंतर माणूस किती वेळ गप्प राहिला, हे चित्रकार याच चौकटींतून सांगतो. जपानी मांगात शांततेलाही एक आवाज आहे, तो 'शीऽन' असा चित्रातच लिहितात. रात्रीला किर्र आणि दुपारला रणरण म्हणणाऱ्या मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी, पण इंग्रजी भाषांतरात तो आवाज पुष्कळदा बारीक अक्षरांत कोपऱ्यात जातो, तेव्हा तो शोधून वाचावा.

हाक मारण्याच्या पद्धतीवरही बारीक लक्ष ठेवावे, आणि येथे आपण इंग्रजी वाचकापेक्षा पुढे आहोत. आडनावावरून पहिल्या नावावर येणे, नावामागचे आदराचे 'सान' गळून पडणे किंवा मुद्दाम टिकून राहणे, या जपानीतल्या मोठ्या घटना आहेत. 'अहो'चे 'अरे' कोणत्या दिवशी झाले, हे ज्या भाषेत लोकांना जन्मभर आठवते, त्या भाषेच्या वाचकाला अशी चौकट दिसताच थांबावेसे वाटते. भाषांतर निवडताना 'सान', 'सेनपाई' (म्हणजे वरच्या वर्गातला किंवा ज्येष्ठ) हे प्रत्यय ठेवलेले आहेत का, हे पाहावे. ते काढून टाकलेल्या आवृत्तीत निम्मा प्रणय नाहीसा होतो.

एवढी तयारी झाली की फुमी योशिनागा यांच्या 'किनो नानी ताबेता?', अर्थात 'काल काय खाल्लेत?', या मालिकेकडे वळावे. ती २००७ पासून कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या 'मॉर्निंग' या पुरुष वाचकांच्या साप्ताहिकात येते, त्यामुळे काटेकोर अर्थाने तिला बीएल म्हणता येत नाही. पण योशिनागा बीएलमधूनच पुढे आल्या आहेत आणि बीएलचे वाचक या मालिकेला आपलीच मानतात, मीही मानतो. शिरो काकेइ हा वकील आणि केन्जी याबुकी हा केशकर्तनकार एका घरात राहतात. शिरो कचेरीतून वेळेवर निघतो, सुपरमार्केटात भाव ताडून पाहतो आणि महिन्याचा किराणा-भाजीचा खर्च २५,००० येनच्या आत बसवतो. एका आरंभीच्या प्रकरणात त्याला स्वस्तातले कलिंगड दिसते, पण दोघांच्या घरात अख्खे कलिंगड संपणार कसे, म्हणून तो घुटमळतो, आणि तशाच घुटमळणाऱ्या तोमिनागा नावाच्या अनोळखी गृहिणीबरोबर ते अर्धे-अर्धे वाटून घेतो. त्या अर्ध्या कलिंगडातून एक मैत्री सुरू होते, जी पुढे अनेक खंड टिकते. कचेरीत आपल्या खासगी जीवनाविषयी अवाक्षर न काढणाऱ्या माणसाला पहिली मोकळी मैत्रीण भाजीच्या भावांवरून मिळते, ही गोष्ट लेखिका कोठेही अधोरेखित करत नाही.

ही मालिका वाचताना पाककृतीची पाने गाळण्याचा मोह होतो, तो टाळावा. शिरो एका वेळी चार पदार्थ करतो, कोणते आधी चुलीवर चढवायचे आणि कोणते गार झाले तरी चालतील याचा क्रम मनाशी लावतो, आणि केन्जी जेवायला बसला की प्रत्येक पदार्थाविषयी काहीतरी बोलतो. दोघांतली भांडणे, समेट आणि काळजी त्याच पानांवर असते. केन्जी सलूनमध्ये आपल्या जोडीदाराविषयी मोकळेपणाने बोलतो, हे कळल्यावर शिरो संतापतो, त्या दिवशीच्या जेवणाकडे पाहावे. एका प्रकरणात दोन वयस्क पुरुषांचे जोडपे दत्तकविधानाचा सल्ला विचारायला शिरोकडे येते, कारण जपानमध्ये दोन पुरुषांच्या विवाहाला देशव्यापी कायदेशीर मान्यता नाही आणि वारसा जोडीदाराकडे जावा, यासाठी एकाने दुसऱ्याला दत्तक घेणे, हा एक मार्ग उरतो. टोकियोतल्या शिबुया प्रभागाने २०१५ मध्ये जोडीदारीची प्रमाणपत्रे देणे सुरू केले, पण ती विवाहाच्या तोडीची नव्हेत. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कलम ३७७ ची समलिंगी संबंधांवरची टाच काढली आणि २०२३ मध्ये विवाहाचा हक्क मात्र नाकारला, त्यामुळे ते प्रकरण भारतीय वाचकाला परके वाटत नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. बीएल मुख्यतः स्त्रियांनी स्त्रियांसाठी घडवलेला प्रकार आहे, समलिंगी पुरुषांच्या जीवनाचा दस्तऐवज नव्हे. १९७६ मध्ये केइको ताकेमिया यांची 'काझे तो की नो उता' ही मालिका मुलींच्या साप्ताहिकात सुरू झाली, तेव्हा ती फ्रान्समधल्या निवासी शाळेत घडत होती आणि तिच्यात दुःखाला अंत नव्हता. त्या सुंदर, दूरच्या, अभागी मुलांपासून सुपरमार्केटातल्या कलिंगडापर्यंतचा प्रवास हाच मला या प्रकाराचा खरा इतिहास वाटतो. स्वतः समलिंगी असलेल्या मांगाकाराने तेच घरगुती जग कसे पाहिले, हे जाणून घ्यायचे असेल तर गेन्गोरो तागामे यांचे 'ओतोतो नो ओत्तो', म्हणजे 'भावाचा नवरा', जोडीला वाचावे. त्यात शाळकरी काना घरी आलेल्या पाहुण्याला, म्हणजे काकाच्या नवऱ्याला, जे प्रश्न सरळ विचारते, ते तिच्या बापाच्या घशात अडकलेले असतात.

युकी फुमिनो यांच्या 'हिदामारी गा किकोएरु'विषयी थोडेच सांगतो, कारण ते न सांगता वाचण्यात गोडी आहे. कमी ऐकू येणारा कोहेई आणि सदा भुकेला ताइची यांच्यात व्यवहार ठरतो : ताइचीने वर्गातल्या व्याख्यानांची टिपणे काढून द्यायची आणि कोहेईने त्याला डबा खाऊ घालायचा. ताइचीचा आवाज मोठा आहे, लोक त्याला त्यावरून बोलतात, आणि कोहेईला नेमका तोच ऐकू येतो.

पुस्तके अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावीत. चाहत्यांनी परस्पर भाषांतरून फुकट चढवलेली पाने सहज मिळतात, पण त्यांतून मांगाकाराला काहीही मिळत नाही आणि अनेकदा चित्रांची कडाही कापली गेलेली असते. इंग्रजी आवृत्त्या ई-पुस्तकांच्या रूपात स्वस्त पडतात, छापील हव्या असतील तर मोठ्या पुस्तकदुकानांतून मागवता येतात. लोकलमध्ये शेजारच्याची नजर नको असेल, तर जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांना घालतो तसे तपकिरी कागदाचे कव्हर घालावे. यात लाजण्यासारखे काही नाही. जपानी दुकानांत तर गल्ल्यावरच पुस्तकाला कागदी वेष्टन घालून देण्याची पद्धत आहे.

काओरी त्सुरुतानी यांचे पाच खंडांचे 'मेतामोर्फोझे नो एन्गावा' मात्र शेवटी राखून ठेवावे, कारण ते बीएल नसून बीएलच्या वाचकांविषयी आहे. एन्गावा म्हणजे जपानी घराची पडवी. ७५ वर्षांची, नवरा वारलेली इचिनोई उन्हाचा ताप चुकवण्यासाठी एका पुस्तकदुकानात शिरते आणि मुखपृष्ठ सुंदर वाटले म्हणून एक मांगा विकत घेते. तो बीएल आहे, हे तिला घरी गेल्यावर कळते. पुढचा खंड विचारायला ती परत येते, तेव्हा गल्ल्यावर १७ वर्षांची उरारा असते, जी हीच पुस्तके घरी लपवून ठेवते. मग दोघी त्या पडवीत बसून वाचतात, आवडत्या चौकटींविषयी बोलतात, आणि पुढचे खंड यायला किती काळ लागेल व तेव्हा आपले वय काय असेल, याचा हिशेब म्हातारी मनातल्या मनात मांडते.