केवडा पडला? फवारणीआधी या चुका टाळा

पानं पिवळी-पांढरी पडली की शेतात म्हणतात, "केवडा पडला." केवड्याच्या कणसाची पातीही तशीच फिकट असतात, त्यावरून हे नाव. म्हणजे शब्द रंग सांगतो, कारण सांगत नाही. ऊस, भेंडी, द्राक्ष, तिन्हींत केवडाच म्हणतात आणि तिन्हींचं दुखणं वेगळं. दुकानात नुसतं "केवड्याचं औषध द्या" म्हणणं ही पहिली चूक.

उसातला केवडा बहुधा रोगच नसतो. चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह मिळत नाही. कोवळी पानं पिवळी होतात, शिरा मात्र आधी हिरव्या राहतात. (जुनी, खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता तपासा.) इथे बुरशीनाशक मारणं म्हणजे निव्वळ पैसे वाया. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी घेऊन फवारा. चुना टाळला तर पानं करपतात. हिराकस जमिनीतून नुसतं टाकू नका, चुनखडीत ते लगेच अडकतं. एकरी १० किलो हिराकस १०० किलो शेणखतात ८-१० दिवस मुरवून द्या. शेतात पाणी साचत असेल तर आधी चर काढा.

भेंडीत उलटं दिसतं: शिरा पिवळ्या, मधला भाग हिरवा. हा विषाणू, पांढरी माशी तो पसरवते. यावर औषध नाही. रोगट झाड दिसताच उपटून जाळा किंवा पुरा, माशी आटोक्यात ठेवा आणि पुढच्या वेळी प्रतिकारक वाण लावा.

द्राक्षात मात्र खरा बुरशीजन्य केवडा. पानावर तेलकट पिवळे डाग, खालून पांढरी लव. शंका असेल तर डागाचं पान ओल्या कागदासह पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी खाली लव दिसली की खात्री. ती वरच्या बाजूला राखेसारखी असेल, तर ती भुरी, म्हणजे वेगळाच बुरशीचा रोग. गंधक भुरीवर चालतं, केवड्यावर नाही. बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये १८८० च्या दशकात याच केवड्यासाठी पुढे आलं. ते १ टक्का करायला १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) आणि १ किलो चुना, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपात वेगवेगळे भिजवा आणि मग एकत्र करा. तयार द्रावणात घासलेला विळा बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घाला, नाहीतर पानं भाजतील. फवारा पानाच्या खालच्या बाजूला पोचलाच पाहिजे.