किमान वेतन वाढलं म्हणतात, मग तुमच्या हातात किती वाढलं? स्लिप घेऊन बसा, असं तपासा

जानेवारी आणि जुलै आला की आपल्याकडे नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतो, किमान वेतन वाढलं, नवीन दर आले. आणि महिन्याभराने तोच माणूस विचारतो की दादा, वाढलं म्हणतात पण माझ्या खात्यात तर तेवढेच आले. मी अंबडला एका लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या टाइम ऑफिसमध्ये सहा वर्षं काढली, मस्टर (हजेरीपट) भरणं, पगारपत्रक बनवणं हेच काम, त्यामुळे पैसा नेमका कुठे गळतो ते मी आतून बघितलंय. म्हणून हे सविस्तर लिहितोय. किमान वेतन वाढल्याने फायदा होतो का? होतो, पण कागदावरचा दर आणि हातातला पगार यांच्यामध्ये चार-पाच दरवाजे आहेत, आणि ते तुम्हालाच तपासावे लागतात.

आधी एक समजून घ्या. आपल्या किमान वेतनात दोन भाग असतात, एक मूळ वेतन आणि दुसरा विशेष भत्ता, ज्याला स्लिपवर डीए किंवा स्पेशल अलाउन्स लिहितात. 1 जानेवारी आणि 1 जुलैला जे बदलतं तो फक्त भत्ता, आणि तो महागाईच्या निर्देशांकावरून काढतात. (निर्देशांकासाठी ज्या शहरांतल्या किमती घेतात त्यात नाशिक पण आहे.) म्हणजे मागच्या सहा महिन्यांत तेल, डाळ, भाडं वाढलं त्याची भरपाई आता मिळते, तीही उशिराने. ही खरी वाढ नाही, घसरण थांबवणं आहे. खरी वाढ मूळ वेतन बदललं की होते आणि त्यासाठी कायद्यात पाच वर्षांपेक्षा जास्त वेळ लावू नये असं आहे. त्यामुळे मेसेज आला की पहिला प्रश्न हा विचारा, भत्ता वाढला की बेसिक वाढलं?

आता तपासणी. मागच्या आणि या महिन्याची स्लिप, बँकेचं पासबुक, आणि तुम्ही स्वतः लिहिलेली हजेरी, एवढं समोर ठेवा. हजेरी लिहीत नसाल तर आजपासून सुरू करा, साध्या कॅलेंडरवर आत जायची आणि बाहेर यायची वेळ लिहिली तरी चालेल.

सगळ्यात आधी दर नाही, दिवस बघायचे. लोक नेमकं उलटं करतात. आमच्या श्रमिकनगरमधल्या एक ताई पॅकिंगला जातात, त्या मागे स्लिप घेऊन आल्या होत्या, म्हणाल्या भाऊ दर तर वाढलेला दिसतोय मग पैसे का नाही वाढले. सोप्या आकड्यात सांगतो. समजा आधी रोज 500, महिन्याचे 26 दिवस, झाले 13,000. नवीन दर रोज 520, म्हणजे 26 दिवसांचे 13,520 व्हायला पाहिजेत, 520 रुपये जास्त. ताईंच्या स्लिपवर दर बरोबर लावलेला, एका पैशाचा फरक नाही, पण दिवस 25 लिहिलेले. 25 गुणिले 520 करून बघा, बरोबर 13,000 येतात. ताई म्हणाल्या मी तर एकही खाडा केला नाही, पावसात सुद्धा गेले. एक दिवस खोडला की सगळी वाढ गेली, आणि दर बघणाऱ्याला काही चुकीचं दिसतच नाही. मी नोकरीत होतो तिथे दोन मस्टर असायची, एक खरं आणि एक दाखवायचं, आणि दाखवायच्या मस्टरमध्ये दिवस कमी करायचे म्हणजे दर कायद्याप्रमाणे दिसतो. ते मी माझ्या हाताने लिहिलंय, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दिवस जुळले की मग वर्ग बघा. अकुशल, अर्धकुशल, कुशल असे तीन वर्ग आणि तिघांचे दर वेगळे. तुम्ही चार वर्षं सीएनसी मशीन चालवताय आणि स्लिपवर हेल्पर लिहिलंय, असं खूप ठिकाणी आहे. काही जणांना तर वर्षानुवर्षं ट्रेनी म्हणून ठेवतात. नावावर जाऊ नका, काम काय करता ते महत्त्वाचं. मग परिमंडळ, म्हणजे कारखाना कुठल्या भागात आहे ते. महापालिका हद्दीतला कारखाना आणि सिन्नर किंवा दिंडोरीकडच्या गावातला कारखाना यांच्या दरात फरक पडू शकतो, आणि उद्योग कुठला त्यावरही दर बदलतो, इंजिनिअरिंगचा वेगळा, हॉटेलचा वेगळा, दुकानाचा वेगळा. कामगार विभागाच्या महाकामगार वेबसाइटवर उद्योगानुसार तक्ते असतात, आपल्या उद्योगाचा तक्ता काढून मोबाईलमध्ये फोटो ठेवा. ग्रुपवर फिरणारा आकडा दुसऱ्याच उद्योगाचा असतो आणि तो घेऊन सुपरवायझरशी भांडलात तर तुम्हीच खोटे पडता.

ओव्हरटाइमवर मात्र नीट बसा, कारण वाढीच्या गप्पांमध्ये हा विषय मागे पडतो आणि पैसा खरा इथेच आहे. कायद्याने ओटी डबल रेटने द्यायचा असतो. वरच्याच उदाहरणात 520 भागिले 8 तास म्हणजे तासाला 65, डबल झाले 130. रोज तीन तास ओटी, 26 दिवस, म्हणजे 78 तास. सिंगलने 5,070 मिळतात, डबलने 10,140 मिळायला पाहिजेत. आपण 520 च्या वाढीची वाट बघत बसतो आणि महिन्याला 5,070 गेलेले कळतही नाही. काही ठिकाणी ओटी स्लिपवर येतच नाही, पाकिटात वेगळा देतात, म्हणजे त्याची नोंदच नाही. असं असेल तर तारीख आणि तास तुमच्या कॅलेंडरवर लिहाच, शिफ्टचे व्हॉट्सअॅप मेसेज पण डिलीट करू नका.

मग कपाती. पीएफ तुमच्याकडून 12 टक्के, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) 0.75 टक्के. 520 वाढले तर साधारण 62 पीएफला आणि 4 ईएसआयसीला जातील, हातात 454 च्या आसपास, हे बरोबरच आहे, पीएफ तुमचाच पैसा आहे आणि मालकाने त्याचा हिस्सा वेगळा भरायचा असतो. गडबड तिथेच होते, मालकाचा 12 टक्के हिस्सा पण तुमच्याच पगारातून कापायचा. सीटीसी, सीटीसी (म्हणजे तुमच्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च) करून समजावतात पण कामगाराच्या मजुरीतून मालकाचा हिस्सा कापता येत नाही. उमंग अॅपवर पीएफ पासबुक उघडा, दर महिन्याला किती पडले ते बघा, नुसतं स्लिपवर कापलेलं दिसलं म्हणून भरलं असेल असं धरू नका. बायकांच्या पगारातून प्रोफेशनल टॅक्सचे 200 कापलेले दिसले तर विचारा, 2023 पासून महाराष्ट्रात महिन्याला 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. आणि 50 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात घरभाडे भत्ता किमान 5 टक्के द्यायचा असा राज्याचा 1983 चा कायदा आहे, 13,520 वर तो 676 होतो, म्हणजे त्या वाढीपेक्षाही जास्त, आणि कितीतरी स्लिपवर ती ओळच नसते.

जे 21,000 च्या जवळ आहेत त्यांनी एक लक्षात ठेवा, ईएसआयसीची मर्यादा 21,000 आहे, पगार त्यावर गेला की ते चालू असलेलं सहामाहीचं पर्व संपल्यावर (सप्टेंबर किंवा मार्चअखेर) बाहेर पडतात. घरात कुणाचं औषधपाणी सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलमधून चालू असेल तर थोडीशी वाढ महागात पडू शकते, त्यामुळे आधीच दुसरी सोय बघून ठेवा.

शेवटचा दरवाजा बँकेचा. पगार खात्यात पूर्ण येतो आणि संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस एटीएमपाशी उभा राहून हजार-दोन हजार परत घेतो, किंवा एटीएम कार्डच त्याच्याकडे असतं. कार्ड आणि पिन कुणालाही देऊ नका, उचल घेतली असेल तरी नाही. उचल असेल तर ती लिहून घ्या आणि स्लिपवर कापायला लावा.

एवढं सगळं जुळलं तर मग घरखर्चाशी ताडून बघायचं. खोलीचं भाडं, गॅस, तेल, किराणा, शाळेची फी, रिक्षा, मागच्या वर्षी या महिन्यात किती होतं आणि आज किती. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसं काढायचं ते सांगितलं होतं, एका कमावत्या माणसामागे तीन माणसांचं खाणं, माणशी 2,700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 यार्ड कापड, भाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेला 20 टक्के. पुढे सुप्रीम कोर्टाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात शिक्षण, दवाखाना, म्हातारपण यासाठी आणखी 25 टक्के धरायला सांगितलं. या हिशेबाने आपल्या घराचा कागद एकदा मांडा, मग कळेल सरकारी आकडा गरजेच्या किती मागे आहे.

मालक लोक म्हणतात मजुरी वाढली की कामं जातील. हे सरसकट खरं नाही. अमेरिकेत न्यू जर्सीने 1992 मध्ये किमान वेतन तासाला 4.25 वरून 5.05 डॉलर केलं, डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली फास्ट फूडची दुकानं तपासली, नोकऱ्या कमी झालेल्या दिसल्या नाहीत. कार्ड यांना 2021 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण अंबडमधल्या पाच मशीनच्या जॉबवर्कवाल्याचं दुखणंही मला खरं वाटतं, मोठी कंपनी त्याचा पार्टचा रेट वाढवत नाही आणि मजुरी मात्र वाढते, तो तरी कुठून देणार. तिथे पार्टचा रेट वाढवायला मोठ्या कंपनीला भाग पाडलं पाहिजे, मजुरी कापणं हा उपाय नाही.

द्राक्षाच्या बागेत उक्त्यावर जाणाऱ्यांसाठी पण हिशेब सोपा आहे. पेठ-सुरगाण्याहून टोळी येते, एकरी रक्कम ठरते, विरळणी (घडातले जास्तीचे मणी काढणं) नाहीतर डिपिंगची (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं). एकूण रक्कम भागिले माणसं भागिले दिवस करा. शेतमजुरीच्या किमान दरापेक्षा खाली आलं तर उक्तं म्हणून ते चालत नाही, दर कामावर ठरला तरी किमान तेवढं मिळायलाच पाहिजे. टोळीत नवराबायको दोघं राबत असतील तर दोन माणसं धरा, बाईला अर्धं माणूस धरायची सवय मोडा.

तपासून कमी निघालं तर काय? 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता (मजुरीचे जुने कायदे एकत्र करून केलेला नवा कायदा) लागू आहे. आता दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आधी किमान वेतनाचा सहा महिन्यांतच करावा लागायचा. पैसे दिले हे सिद्ध करायचं काम मालकाचं आहे. ठेकेदाराने नाही दिले तर कंपनीला द्यावे लागतात, त्यामुळे अर्जात दोघांची नावं घाला. एकट्याने जाऊ नका, चार-पाच जणांनी मिळून जा, युनियन असेल तर तिला सोबत घ्या. अर्जात दुःख कमी आणि आकडे जास्त लिहा, महिना, कामाचे दिवस, मिळालेले, मिळायला हवे होते ते, फरक, अशा पाच रकान्यांचा तक्ता. सोबत पासबुकच्या झेरॉक्स, गेटपासचा फोटो, कॅलेंडरची पानं. कामगार उपायुक्तांच्या ऑफिसात दोन प्रती घेऊन जा आणि एकीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. ताईंनी 26 आणि 25 असे दोन्ही आकडे लाल पेनाने गोल करून दिले होते, पुढच्या महिन्यात तो एक दिवस स्लिपवर एरिअर (मागची बाकी) म्हणून आला, 520 रुपये.