वर्गात पगार द्या, दंड मात्र घेऊ नका

गोव्यातल्या पर्वरीच्या डाएटमधून (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतून) किंवा दुसरीकडून डीएलएड ही प्राथमिक शिक्षकाची पदविका घेऊन तुम्ही नुकतेच मराठी प्राथमिक शाळेत रुजू झाला असाल, तर वर्गाच्या अर्थकारणाची कल्पना तुमच्या कानावर आलेली असणारच. मुलांना कामं वाटायची, कामाचा पगार तिकिटांत द्यायचा आणि शुक्रवारी वर्गातल्या दुकानात ती खर्चू द्यायची. म्हणून अगदी मुळापासून सांगत नाही. माझ्या चौथीच्या वर्गात ही पद्धत आज छान चालते. पण तिथवर पोचेपर्यंत माझी पार दमछाक झाली आणि त्याला कारण एकच होतं, दंड.

मला नियमांचा तयार तक्ता मिळाला होता. मध्येच बोललं की दोन तिकिटं वजा, जागेवरून उठलं की तीन, गृहपाठ नसला की पाच. सुरुवातीला वर्ग चिडीचूप झाला. मग एक दिवस गणिताच्या तासाला एक मुलगा उठला, टेबलावर दोन तिकिटं ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "टीचर, हीं दोन घे, हांव मात्शें उलयतां." म्हणजे, ही दोन घे, मी जरा बोलतो. त्यात उद्धटपणा अजिबात नव्हता. बोलण्याचा दर मीच ठरवून दिला होता, तो त्याने चुकता केला.

हे नीट समजून घ्या, कारण नवे शिक्षक नेमके इथेच अडकतात. दंड नसतो तेव्हा मध्येच बोलणाऱ्या मुलाला मनातून थोडं अपराधी वाटत असतं. दंड ठेवला की ती भावना जाते, तिच्या जागी हिशेब येतो. इस्रायलमधल्या हैफा शहरात अर्थशास्त्रज्ञ उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी १० पाळणाघरांचा अभ्यास केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी व्हायचा सोडून वाढला, जवळजवळ दुपटीवर गेला. पुढे दंड काढून टाकला तरी वाढलेला उशीर तसाच राहिला. मोठ्या माणसांचं असं होतं, तर नऊ वर्षांच्या मुलांचं वेगळं काय होणार?

दंडाची दुसरी बाजू याहून वाईट आहे. ज्याच्याकडे तिकिटं भरपूर, त्याला दोन गेल्याचं काही वाटत नाही. ज्याला एका जागी बसणंच जड जातं, तो मुलगा सोमवारीच कंगाल होतो. मग आठवडाभर त्याने का म्हणून नीट वागावं? गमावण्यासारखं त्याच्याकडे काही उरलेलंच नसतं. काही वर्गांत तर 'कर्जदारांची' यादी भिंतीवर लावतात. असं चुकूनही करू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला जशी मनाई आहे, तशीच मानसिक छळालाही आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याचं नाव रोज त्या यादीत दिसतं, त्या मुलाला शाळेत यावंसं वाटेल का?

तेव्हा मिळालेलं तिकीट परत घ्यायचं नाही. खातं शून्याखाली जाऊ द्यायचं नाही. मधे बोललेल्या मुलाला साधेपणाने थांबवायचं, मधल्या सुट्टीत जवळ बसवून विचारायचं. याला वेळ लागतो. पण तो वाचवायचा जवळचा रस्ता मला तरी सापडलेला नाही आणि कुणी सापडला म्हणालं तर माझा विश्वास बसणार नाही.

घाबरू नका, बाकीचं सोपं आहे. चलन म्हणून काजूच्या बिया, चिंचोके, शिंपले असलं गावात सहज मिळणारं काही घेऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये सत्तरी तालुक्यातल्या मुलांचे खिसे बियांनी भरलेले असतात आणि तुमची अर्थव्यवस्था दोन दिवसांत कोसळते. तिकिटंसुद्धा हरवतात, वाऱ्याने उडतात. सगळ्यात उत्तम म्हणजे चाळीस पानी वहीचं पासबुक. जमा, खर्च, शिल्लक मुलांनीच लिहायची, तुम्ही फक्त सही करायची. हातच्याची वजाबाकी मुलं इथे जितक्या मनापासून करतात, तितकी पुस्तकातली करत नाहीत. एकशिक्षकी शाळा असेल तर पहिली-दुसरीच्या मुलांची खाती चौथीच्या मुलांकडे सोपवा.

कामं खरी असू द्या: फळा पुसणं, झाडांना पाणी घालणं, माध्यान्ह आहाराच्या पावभाजीनंतर ओटी झाडणं, वाचनकोपऱ्यातली पुस्तकं लावणं. पंधरवड्याने कामं बदला. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुट्टीला लागून आणखी चार दिवस गैरहजर राहणारी मुलं असणारच. त्यांचा पगार कापायचा नाही, आल्यावर काम द्यायचं. दुकानात पेन्सिली-खोडरबर ठेवत बसू नका, ते तुमच्याच खिशातून जातं. मित्राशेजारी बसणं, आजची गोष्ट निवडणं, पंधरा मिनिटं जादा खेळणं, टीचरच्या खुर्चीत बसून हजेरी घेणं यांनाच जास्त गिऱ्हाईक असतं.

आणि वाचनाचे, चित्रांचे पैसे कधीही देऊ नका. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली. पुढे बक्षीस नसताना ती मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढू लागली. जे मूल आपणहून करतं, त्यात तिकीट आणायचं नाही.

वर्षाच्या सुरुवातीपासून ही पद्धत लावली असेल, तर दिवाळीच्या सुट्टीनंतर एकेक काम बिनपगारी करत न्या. आधी झाडांना पाणी घालण्याचा पगार बंद करा, कारण ते काम मुलांना मुळातच आवडतं. ओटी झाडणं शेवटी ठेवा. एखाद्या कामाला कुणीच पुढे आलं नाही, तर त्याचा पगार आणखी महिनाभर चालू ठेवा आणि मग पुन्हा विचारा.