पोर्तुगीज वाइन निवडताना या चुका टाळा

द्राक्षाच्या नावावरून वाइन पारखण्याची सवय पोर्तुगालमध्ये हमखास फसवते. या चिमुकल्या देशात अडीचशेहून अधिक देशी वाण आहेत आणि खोरे बदलले की त्यांची नावेही बदलतात. उत्तरेकडील दोरू खोऱ्यात ज्याला तिंता रोरिश म्हणतात, तेच द्राक्ष दक्षिणेच्या आलेंतेजूमध्ये आरागोनेश होते आणि सीमेपलीकडे स्पेनमध्ये तेम्प्रानियो या नावाने ओळखले जाते. त्यामुळे वेगळी द्राक्षे म्हणून आणलेल्या दोन बाटल्यांत वाण एकच निघू शकतो. दोरूच्या जुन्या मळ्यांत तर अनेक वाण सरमिसळ लावलेले असल्याने लेबलावर द्राक्षाचे नाव नसण्याचीच शक्यता अधिक. म्हणून आधी प्रदेशाचे नाव वाचावे.

‘विन्यो व्हेर्दे’ म्हणजे शब्दशः हिरवी वाइन असली, तरी तो रंग नव्हे, कोवळेपणा आहे. वायव्येकडील या प्रदेशात लाल वाइनही होते. जिभेवर बारीक बुडबुडे जाणवले म्हणून ती बिघडली असे समजू नये, आणि ती वर्षानुवर्षे जपूनही ठेवू नये. मोन्सांव व मेल्गासू भागातील चांगली आल्व्हारिन्यो (याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन) मात्र काही वर्षे सहज टिकते. बैराडा प्रदेशातील ‘बागा’ नावाच्या लाल द्राक्षाच्या वाइनचे नेमके उलटे आहे: तरुणपणी ती तोंड आवळून टाकते, आणि घाईने बाटली उघडणारा तिला कायमचे नाकारतो. उघडलीच असेल, तर तासभर रुंद सुरईत ओतून ठेवावी.

गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त गोड लाल वाइनवरून मूळ पोर्टची कल्पना करू नये. पोर्टची द्राक्षे दोरू खोऱ्यातलीच असतात, आणि या प्रदेशाची हद्द पोंबालचा मार्किस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोर्तुगीज मंत्र्याच्या काळात, 1756 मध्ये आखली गेली. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचे मद्यार्क घालून आंबणे थांबवतात, म्हणून साखर शिल्लक राहते. यातील व्हिंटेज पोर्ट बाटलीत मुरते आणि तळाशी गाळ धरते. ती आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, सावकाश ओतावी, गाळ मानेशी आला की हात थांबवावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावी. टॉनी पोर्ट पिंपातच मुरलेली असल्याने तिला असे सोपस्कार लागत नाहीत आणि उघडल्यावरही ती फ्रीजमध्ये काही आठवडे चांगली राहते.